मोरपंखीच्या दोन रांगा

लाल फीत बांधून झाल्यावर कप्तानने ती दोनदा ओढून पाहिली. गाठ पक्की बसली होती. मग ती शेजारच्या फाटकाकडे गेली आणि तिथेही तशीच फीत बांधली. पहिलं फाटक सासऱ्यांचं, दुसरं चुलतसासऱ्यांचं. दोन्ही घरांत मिळून एकच सून, आणि तिनेच दोन्ही घरांना लाल लावलं, ही बातमी गल्लीच्या टोकाला पोचायला तिला हातमोजे काढायला लागला तेवढाच वेळ लागला.

एरवी ती शाळेत गणित शिकवायची. पण डोंगरावरचं रान वाळायला लागलं की ती वणवा विझवणाऱ्या पथकाची कप्तान असायची, आणि मग तिला घरातलेही कप्तानच म्हणायचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी पथक घरोघर फिरून फिती बांधत असे. हिरवी म्हणजे वणवा आला तर ह्या घराला वाचवायला पाण्याची गाडी येईल. लाल म्हणजे येणार नाही, कारण आलेली गाडी परत जाऊ शकणार नाही.

रविवार होता, म्हणून सगळे घरीच होते आणि सगळे जमले. जमले म्हणजे थोरले भाऊ, कप्तानचे सासरे, आपल्या व्हरांड्यात, धाकटे आपल्या व्हरांड्यात, आणि मधे रस्त्यावर, ज्यांची एकमेकांशी बोलण्याची सोय होती ते बाकीचे.

थोरले पेशाने सुतार, धाकट्यांचं चष्म्यांचं दुकान. बावीस वर्षांपूर्वी धाकट्यांनी थोरल्यांची शिडी नेली आणि परत आणली तेव्हा तिची एक पायरी मोडलेली होती. धाकटे म्हणाले, आधीपासूनच चिरलेली होती. थोरले म्हणाले, माझ्या हातची शिडी चिरत नाही. धाकटे म्हणाले, मग डोळे तपासून घे, दुकान उघडंच आहे. संपलं. भांडणाचं कारण इतकं लहान होतं की ते कुणाला सांगायची दोघांनाही लाज वाटायची, म्हणून ते कधी मिटलंच नाही.

त्याच आठवड्यात थोरल्यांनी दोन घरांच्या मधे मोरपंखीची एक रांग लावली, भावाचं तोंड दिसायला नको म्हणून. धाकट्यांनी तिला खेटून आपली दुसरी रांग लावली, भावाची मोरपंखी दिसायला नको म्हणून. दोन्ही रांगा ईर्ष्येने वाढल्या. आता त्या छपरांच्याही वर गेल्या होत्या, बाहेरून हिरव्यागार आणि आतून वाळून कोळ, मागच्या रानाच्या कडेपासून थेट रस्त्यापर्यंत.

"ही दिव्याची वात आहे," कप्तान म्हणाली. "रानात पेटली की दोन्ही घरांच्या खिडक्यांपर्यंत आग आपणहून चालत येईल. दोन्ही रांगा जमिनीपर्यंत तोडा. आजच. मी संध्याकाळी येऊन हिरवी बांधते."

"त्याला म्हणावं," थोरले व्हरांड्यातून म्हणाले, "तुझी रांग आधी पाड. मग मी माझी पाडतो."

कप्तानचा नवरा दातांचा डॉक्टर होता, पण वयाच्या आठव्या वर्षापासून तो ह्या दोन व्हरांड्यांमधे निरोप पोचवत आला होता. घरात त्याला पोस्टमन म्हणत. पूर्वी तो धावायचा, आता नुसती मान वळवायचा.

"काका, बाबा म्हणतायत की—"

"ऐकलं मी. बहिरा नाही झालो," धाकटे म्हणाले. "त्याला म्हणावं, ज्यानं आधी लावली त्यानं आधी पाडायची."

"बाबा, काका म्हणतायत की—"

"मलाही ऐकू येतं. पण तू सांग. रीत म्हणजे रीत."

"एकाच वेळी सुरू करा," कप्तान म्हणाली. "मी शिट्टी वाजवते."

"तू पडलीस माझी सून," थोरले म्हणाले. "तुझ्या शिट्टीवर सुरू केलं तर तो म्हणणार, ह्यानं सुनेकरवी मला कामाला लावलं."

"म्हणणारच," धाकटे म्हणाले.

ह्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. ते पोचवायची पोस्टमनला गरजच पडली नाही.

कप्तानने दोन्ही व्हरांड्यांकडे पाहिलं. थोरल्यांच्या नाकावर परगावाहून आणलेला चष्मा होता, तो कायम डाव्या कानावर वाकडा बसायचा. धाकटे बसले होते ती खुर्ची एका पायाने डुगडुगत होती, आणि सुतार शेजारी असून ती गेली कित्येक वर्षं डुगडुगतच होती. असल्या माणसांना काय समजावायचं, असं तिला वाटलं, आणि त्यांच्यावर आपली फार माया आहे हेही त्याच वेळी वाटलं, त्यामुळे तिचा आवाज जरा जास्तच कडक झाला.

"मग लालच राहू दे. पण एक ऐकून ठेवा. लाल म्हणजे लाल. तुम्ही आत असलात तरी गाडी येणार नाही. गाडीवर माझ्याबरोबर चार जण असतात. त्यांनाही आया आहेत."

धाकट्यांची खुर्ची डुगडुगायची थांबली. थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. पण कुऱ्हाड कुणीच उचलली नाही.

थोरल्यांची बायको, थोरली, मागच्या अंगणात गेली. पाण्याच्या टाकीमागे कुंपणाला एक भोक होतं. दोघी जावांनी गेली बावीस वर्षं ते स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापून राखलं होतं. त्यातून साखर गेली, तापाचं औषध गेलं, पोस्टमनच्या परीक्षेच्या दिवसांत तर आख्खा पोस्टमन जेवणासकट पलीकडे जायचा, कारण धाकटीला मूलबाळ नव्हतं आणि तिच्या घरात अभ्यासाला शांतता होती. हे भोक दोन्ही भावांना माहीत होतं. माहीत नसल्याचं सोंग दोघंही छान वठवायचे.

धाकटी पलीकडे आधीच येऊन बसली होती.

"काय म्हणतायत तुमचे?"

"जे तुझे म्हणतायत तेच."

"ताई, मी एखाद्या दिवशी ह्यांना त्याच शिडीला बांधून ठेवीन." धाकटी बोलता बोलता थांबली. तिने नाक वर केलं. "कुणी पाचोळा जाळतंय का हो?"

ह्या दिवसांत पाचोळा कुणी जाळत नसे. थोरलीने वर पाहिलं. उन्हाचा रंग बदलला होता, भिंतीवर ते जुन्या तांब्याच्या भांड्यासारखं तांबूस दिसत होतं. मग भोंगा झाला.

ती फाटकाशी पोचेपर्यंत कप्तान हेल्मेट घालून पथकाच्या गाडीत चढत होती. सासूला पाहून ती खाली उतरली.

"आई, खाणीच्या अलीकडे पेटलंय. वारा आपल्याकडे आहे. पिशव्या दाराशी आहेत ना? अर्ध्या तासात दोन्ही घरं रिकामी करायची. शाळेच्या हॉलमध्ये जायचं." ती थांबली. "आणि आई, मी इकडे येऊ शकणार नाही."

"माहीत आहे गं," थोरली म्हणाली. तिने सुनेच्या हनुवटीखालचा पट्टा घट्ट केला. "तू जा. ह्या दोघांना मी बघते."

पिशव्या खरोखरच दाराशी होत्या. औषधं, कागदपत्रं, पाणी, सुती कपडे, सगळं कप्तानने महिन्यापूर्वीच भरून घेतलं होतं. पोस्टमनने व्हॅन फाटकाबाहेर तोंड करून उभी केली. पलीकडे धाकटीने गाडीत चादरी ठेवल्या. निघायला सगळं तयार होतं, नवरे सोडून.

थोरले छपरावर होते. पोटमाळ्याच्या झरोक्यांतून ठिणग्या आत जाऊ नयेत म्हणून पत्रे ठोकत होते. कुंपणापलीकडे छपरावर पाणी उडवणारा धाकट्यांचा पंप घुर्र घुर्र चालला होता.

"अहो, उतरा. निघायचंय."

"तो निघाला?"

"तुम्ही तुमचं बघा."

"तो निघाला की निघतो. थोरला शेपूट घालून आधी पळाला, असं गल्लीनं म्हणायला नको."

आपण बोलतोय ते मूर्खपणाचं आहे, हे थोरल्यांना कळत होतं. धुरानं घसा खवखवत होता. दोन खिळे वाकडे गेले होते, आणि ह्या हातातून खिळा वाकडा गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण पंप चालू होता. पंप चालू म्हणजे तो आत. अभिमानाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी बायकोलाही सांगितली नसती. तो आत असताना त्यांचा पाय निघत नव्हता. धाकट्याला आगीत ठेवून थोरला खाली उतरला, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने आईबापांच्या फोटोसमोर म्हणता आलं नसतं.

कुंपणापलीकडे धाकटे हातात पाइप धरून कान देऊन उभे होते. ठक, ठक, ठक.

"ठोकतोय अजून," ते बायकोला म्हणाले. "मनगट दुखतं त्याचं, तरी ठोकतोय. तो ठोकतोय तोवर मी हलणार नाही."

"मनगट दुखतं हे तुम्हाला कसं कळलं?"

"ठोकण्यावरून कळतं. पूर्वी दोन घावांत खिळा जायचा. आता चार लागतात."

दोघी पुन्हा भोकाशी भेटल्या, ह्या वेळी धापा टाकत.

"तो गेला की जातो म्हणे," थोरली म्हणाली.

"इकडेही तेच."

मोरपंखीवर काहीतरी अलगद येऊन पडलं. जळून काळं झालेलं पान होतं, आख्खं, शिरांसकट. थोरलीने ते बोटाने उडवलं आणि त्या पानाकडे पाहता पाहताच तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अगं, हे दोघं एकमेकांना बघू शकत नाहीत."

"बावीस वर्षं झाली, ताई. आज काय नवीन?"

"तसं नाही. खरंच दिसत नाहीत. नुसते एकमेकांना ऐकत बसलेत."

धाकटीने एकदा कुंपणाकडे पाहिलं, मग घराकडे. "पंप," ती म्हणाली.

"बटण बंद कर. मग माझ्याकडचं ठोकणं थांबेल. ते थांबलं की तू तुझ्याला सांग."

"आणि पंप का थांबला म्हणाले तर?"

"वीज गेली म्हण. खोटं कसं बोलायचं हे तुला आज शिकवू का?"

पंप थांबला. छपरावर थोरल्यांचा हातोडा हवेतच राहिला.

"गेला?"

"गेले भाऊजी," थोरली खालून म्हणाली. "गाडीत बसून गेले."

"नक्की?"

"हाक मारून बघा."

हाक मारणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. बावीस वर्षं गिळलेली हाक छपरावरून कशी बाहेर यायची? थोरले शिडीवरून खाली आले, त्याच शिडीवरून, नवी पायरी बसवलेल्या. तोंड धुराने काळवंडलं होतं, तरी मिशीत हसू मावत नव्हतं.

"पळपुटा," ते म्हणाले आणि व्हॅनमध्ये बसले.

पलीकडे धाकटे पंपाच्या बटणाशी झटत होते. "वीजच गेली," धाकटी म्हणाली. धाकट्यांनी मान वर केली. ठोकणं थांबलं होतं.

"दादा गेले. व्हॅनचा आवाज आला मला."

"गेला?" धाकट्यांनी हातातला पाइप खाली टाकला. त्यांनाही हसू आवरेना. "बघ. तोंडाची वाफ नुसती."

व्हॅन धुरातून उतारावर लागली. दुसऱ्या वळणावर पोस्टमनला आरशात काकांच्या गाडीचे दिवे दिसले. शेजारी बाबा मजेत बसले होते. पोस्टमनने आरसा किंचित वर फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक निरोप पोचवला नाही.

कप्तान तेव्हा खालच्या फाट्यावर होती. मोबाइल केव्हाच बंद पडले होते. गल्लीतल्या शिंप्याने गाडी थांबवून काच खाली केली. तो पंप थांबायच्या बराच आधी घरातून निघाला होता आणि वाटेत बहिणीला घ्यायला थांबला होता.

"तुमचे दोघं म्हातारे वरच आहेत हो. एक छपरावर ठोकतोय, दुसऱ्याचा पंप चालू. हाका मारल्या. कुणी ऐकेना."

वर रानाच्या कडेला ज्वाळा दिसत होत्या. पाण्याची गाडी भरलेली होती. इथून घर दोन रस्त्यांवर. गाडी चालवणाऱ्याने गिअरवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"वळवू?"

कप्तानला मोरपंखीच्या दोन रांगा दिसल्या, आणि अरुंद फाटक. मागे बसलेल्या तिघांकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यातलाच कुणीतरी म्हणाला असता, जाऊ या.

"नाही," ती म्हणाली. "खाणीकडे चल."

दुपारभर ती कामात होती. पाइप धरला, माणसं मोजली, वायरलेसवर बोलली, आणि सगळं बरोबर केलं. उन्हं कलताना वारा फिरला आणि आग गल्लीच्या वरून वळून खाणीच्या अंगावर गेली. तिथल्या एका घराला तिनेच सकाळी हिरवी फीत बांधली होती. गाडी वेळेत पोचली, घर वाचलं. घरातलं जोडपं मात्र आधी निघालं होतं आणि कुत्रं सुटलं म्हणून परत फिरलं होतं. ती दोघं रस्त्यातच मेलेली सापडली.

दिवेलागणीला ती शाळेच्या हॉलपाशी आली. पायऱ्या चढायची तिची हिंमत होईना. आत गेलं की कळणार होतं. मग आतून आवाज आला.

"तू आधी पळालास."

"मी? डोळे तपासून घे. मी तू गेल्यावर निघालो."

"तू गेल्यावर मी निघालो."

"मी आलो तेव्हा तू इथं बिस्किटं खात होतास."

"खात नव्हतो, वाटत होतो."

हे दोन आवाज तिला चांगले ठाऊक होते. पण त्या दोघांना एकमेकांशी बोलताना तिने कधीच ऐकलं नव्हतं. लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हापासून तर नाहीच. ती दारातच खाली बसली, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि ढसाढसा रडली. पोस्टमन धावत आला. थोरली आली, धाकटी पाणी घेऊन आली.

"किती वेळ चाललंय हे?" कप्तानने डोळे पुसत विचारलं. गालावर काळं पसरलं.

"आल्यापासून," पोस्टमन म्हणाला. "मधे पडायला गेलो तर दोघांनी मिळून मला हाकललं. उपाशी माणसं जेवतात तसे भांडतायत."

"तुझा पंप थांबला, मी ऐकलं," थोरले म्हणत होते. "तू गेलास म्हणून थांबला."

"वीज गेली म्हणून थांबला."

"वीज होती. मी उतरलो तेव्हा आमचा रेडिओ चालू होता."

"एकाच खांबावरची वीज माझी जाते आणि तुझी राहते? असं कसं होईल?"

धाकट्यांनी चष्मा नीट केला. थोरल्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग दोघांच्या माना एकाच वेळी दाराकडे वळल्या, जिथे दोघी जावा एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि छताकडे पाहत होत्या.

"फसवलं," धाकटे म्हणाले.

"आपल्याला दोघांना," थोरले म्हणाले. "संगनमत करून."

"दादा, हे आज सुरू झालेलं नाही. त्या टाकीमागच्या भोकाचं तुला माहीत आहे का?"

"मला नाही तर कुणाला? मीच त्याच्या फांद्या वाढू देत नव्हतो."

परतायची परवानगी मिळाली तेव्हा गल्ली राखेने करडी झाली होती, पण दोन्ही घरं उभी होती आणि मधे मोरपंखीही उभी होती, जणू तिचा ह्या सगळ्याशी संबंधच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीला करवतींच्या आवाजाने जाग आली. दोन्ही बाजूंनी. कुणी आधी सुरू केलं हे कुणालाच सांगता आलं नाही, आणि दोघंही ते सांगत नव्हते. दोघांना फक्त आपली रांग आधी संपवायची होती.

दोन्ही भावांनी बायकांशी बोलणं टाकलं होतं.

"दादा," धाकटे एक खोड ओढत म्हणाले, "वहिनींना म्हणावं, चहा झाला असेल तर इकडेही द्या."

"अगं ऐ—" थोरले म्हणाले आणि त्यांना आपला अबोला आठवला. "पोस्टमन. तुझ्या आईला म्हणावं, काका चहा म्हणतोय."

"मी नोकरी सोडली," पोस्टमन म्हणाला. तो फांद्या गोळा करत होता.

कप्तान हिरव्या फिती घेऊन आली. मधली जागा उघडी पडली होती. दोन स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर होत्या आणि त्यांतून दोघी जावा, आता भोकाची गरज नसताना, सवयीने वाकूनच बोलत होत्या. कप्तानने लाल फीत सोडायला घेतली. गाठ सुटेना. थोरले खोडावर बसून करवतीच्या दातांना कानस मारत होते. त्यांच्या नाकावर नवा चष्मा होता, दोन्ही कानांवर सरळ बसलेला.

"बाबा," ती गाठीकडे पाहतच म्हणाली. "शिंप्यानं मला सांगितलं होतं, तुम्ही दोघं वर आहात. गाडी भरलेली होती. मी ती वळवली नाही."

कानस थांबली.

"ठाऊक आहे," थोरले म्हणाले. "तुझ्या गाडीवाल्यानं सांगितलं." त्यांनी एक दात बोटाने चाचपला. "वळवली असतीस, त्या चार पोरांना इथं आणलं असतंस, तर मी तुझ्याशी बोलणं टाकलं असतं."

पडलेल्या मोरपंखीच्या पलीकडून धाकट्यांनी मान वर केली.

"आणि तो टाकतो तेव्हा बावीस वर्षं टाकतो," ते म्हणाले. "मला विचार."